बुटावरची खडूची खूण

सन एकोणीसशे शहाण्णव. माझं वय तेव्हा अडतीस, कंपनीच्या कागदावर. माय म्हणायची, चाळिशी केव्हाच झाली. कागद मायपेक्षा मोठा असतो, तेव्हा अडतीसच धरा. माझी शाळा चौथीत सुटली. पण या माणसाबद्दल दुसऱ्या कोणी लिहावं हे मला मंजूर नाही. दुसरा लिहील तर त्याला एक तर देव करील, नाहीतर येडा. तो दोन्ही नव्हता.

घुग्घुसच्या बाजूला आमची कोळशाची खाण, जमिनीखालची. तो खाणीच्या फुटबॉल टीमचा कोच आणि मी टीमचा उजवा बॅक. कोच झाल्यावरही सगळे त्याला सरदारच म्हणत, कारण त्याआधी तो खाली सरदार होता. खाणीत सरदार म्हणजे पाळी सुरू व्हायच्या आधी जो एकटा आत जातो तो. काठीने छत ठोकतो, कान लावतो. खणखणीत वाजलं तर छत चांगलं. बद्द वाजलं तर टेकू लावा, नाहीतर जागा बंद. चांगल्या छतावर तो खडूने खूण करतो आणि मगच बाकीची माणसं आत सोडतो. खूण नाही तर आत पाय नाही. हा कायदा आम्हाला कोणी वाचून दाखवला नव्हता, पण अंगणवाडीतल्या पोरालाही ठाऊक होता.

आता टीमचं सांगतो. टीममध्ये नाव असेल तर माणसाला वरची ड्यूटी मिळे. कोणाला बगिचा, कोणाला स्टोअर, मला दिवेघर. तिथे मी टोपीवरचे दिवे वाटायचो. नाव कटलं की दुसऱ्या दिवसापासून खाली, कोळसा भरायला. कोचचंही तेच. कोच आहे तोवर वर. म्हणून आमच्याकडे फुटबॉल म्हणजे नुसता खेळ नव्हता. ऊन अंगावर पडणार की नाही, ते त्याच्यावर ठरत होतं.

तो सिरोंच्याकडचा, गोदावरीच्या काठचा. मराठी आमच्यासारखीच बोले, पण नको म्हणायचं असलं की तेलगूत म्हणे, "वद्दू." एकदा वद्दू म्हणाला की बोलणं संपलं. जेवणात अंबाडी आणि मिरची. त्याच्या घरचं लोणचं खाऊन आमचा गोली, म्हणजे गोलकीपर, एकदा अर्धा हंडा पाणी प्यायला होता.

सरदारकी सुटली तरी काठी सुटली नाही. टरबूज तर सगळेच ठोकून घेतात. हा गोलपोस्ट ठोकायचा, एसटीचा पत्रा ठोकायचा आणि मग चढायचा. माझ्या पुतणीच्या लग्नात मांडवाचे खांब ठोकत फिरला आणि वरपक्षाला उठवून दुसरीकडे बसवलं. नवरदेवाचा मामा तापला.

"हा कोन इंजिनिअर हाय बे?"

"इंजिनिअर नाई, आमचा कोच हाय."

"मंग बॉल ठोकाव ना त्यानं!"

मांडव पडला नाही. सरदार मात्र पत्रावळ घेऊन उघड्यावर, बैलगाडीजवळ बसून जेवला.

छपराखाली तो शक्यतो बसतच नसे. टीमची मीटिंग मैदानात, मे महिन्याच्या उन्हातही. झोपायचा क्वार्टरच्या अंगणात, खाटेवर. थंडीत दोन घोंगड्या घ्यायचा. पावसात खाटेवर काठ्या रोवून प्लास्टिक बांधायचा. मी एकदा म्हणालो, "सरकारनं पक्कं घर देलं, अना तू प्लास्टिकखाली?" तो म्हणाला, "प्लास्टिक पडलं तं माणूस मरत नाई, भाऊ." त्याची बायको, तिला आम्ही बाई म्हणायचो, दाराच्या आत झोपायची आणि दार उघडं ठेवायची.

मॅच सुरू झाली की तो आमच्या गोलच्या मागे, मैदानाकडे पाठ करून उभा राहायचा. लोक हसायचे. एकदा आमचे कल्याण अधिकारी, ज्यांच्या हातात टीमचा सगळा कारभार होता, ते म्हणाले, "अहो सरदार, मॅच इकडे चाललीय."

"पाहाले तुमी हाय ना, साहेब. मी ऐकून राह्यलो."

आणि खरंच ऐकायचा. हाफटाइमला येऊन सांगायचा, "डाव्या हाफचा पाय थकला. बॉल घासून जाते त्याचा." डाव्या हाफने तोवर कोणाला सांगितलेलं नसायचं.

आमचे बूट स्टोअरच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत. मॅचच्या आदल्या संध्याकाळी तो एकेकाचा गुडघा, घोटा काठीने ठोकायचा आणि मग ज्यांना खेळवायचं त्यांच्या बुटांवर खडूने खूण करायचा. एक तिरपी रेघ, खाली ठिपका. खाली छतावर करायचा तीच. सकाळी आम्ही जाऊन पाहायचो. आमचा गोली बल्लारपूरहून रेल्वेने यायचा, तो चहासुद्धा न घेता आधी स्टोअर गाठायचा. खूण असली तर घाला बूट. नसली तर काऊन म्हणून विचारायचं नाही. "अर्धं वाजलं म्हणजे नाई वाजलं," एवढंच तो म्हणे. पोरांना वाटे, हा गुडघ्यांबद्दल बोलतो आहे.

मला ठाऊक होतं कशाबद्दल ते.

शहाण्णवच्या पाच वर्षं आधी मी खाली लोडर होतो, कोळसा भरणारा. माझा जोडीदार गडचिरोलीकडचा, हसरा गडी, फावडं मारताना गोंडी गाणं म्हणायचा. त्या दिवशी आमच्या जागेवर सरदारची खूण होती. डबे खायच्या वेळेला सरदार फेरीवर आला आणि छत खाली आलं. आवाज फार मोठा झाला नाही. दिवा विझावा तसं गाणं बंद झालं. जोडीदार पुरता दगडांखाली गेला. सरदार छातीपर्यंत. मी उजवा गुडघा एका दगडावर टेकला आणि फावड्याने, मग हाताने, त्याला मोकळा केला. माणसं येईपर्यंत आम्ही दोघंच होतो. तो एकच वाक्य बोलला. "अर्धं वाजलं होतं, भाऊ."

चौकशीत त्याचा दोष निघाला नाही. छत कधी कधी फसवतं, असं साहेब लोकांनी लिहिलं. मीही कोणाला काही बोललो नाही. बोलून गडी परत येत नव्हता, आणि सरदार स्वतःला जे बोलत होता त्याच्यापुढे माझं काय. त्याचे पाय खाली उतरेनात. तारुण्यात तो चांगला सेंटर फॉरवर्ड होता म्हणून त्याला कोच करून वर ठेवलं. त्याच वर्षी त्याने मला टीममध्ये घेतलं. लोक म्हणाले, जीव वाचवल्याचं फेडून राह्यला. लोकांना काय कळतं? माझा खेळ पाहून घेतलं.

शहाण्णवच्या सुरुवातीला आम्ही ब गट जिंकलो. सगळ्या खाणींच्या लीगमध्ये आमची खाण पहिल्यांदा अ गटात गेली. शेवटच्या मॅचला एक-शून्य. तो एक आम्ही मारला कसा ते मला नीट आठवत नाही, पण शेवटच्या मिनिटाला गोललाइनवरून मी बॉल काढला ते गोलीला विचारा. गुलाल उधळत ट्रक कॉलनीभर फिरला. सरदारही ट्रकवर चढला. ट्रकला छप्पर नव्हतं.

आठ दिवसांनी कल्याण अधिकारी साहेबांनी आम्हा सगळ्यांना मैदानात बोलावलं.

"अ गट म्हणजे गंमत नाही," साहेब म्हणाले. "हा उन्हाळा हातात आहे. कामठी-नागपूरची पाच पोरं आणायची. पाच येतील तर पाच जातील. कोण जाणार ते सरदार ठरवतील. आणि सरदार, पोळा झाला की लीग सुरू. पहिल्या तीन मॅच मी पाहीन. तिन्ही गेल्या तर कोच दुसरा. तुमची जागा खाली रिकामीच आहे."

मला वाटलं, आता हा वद्दू म्हणेल. पण त्याने काठी जमिनीवर दोनदा ठोकली आणि म्हणाला, "बरं."

मे महिन्यात पोरं आली. केस वाढवलेली, चांगले बूट. त्याने त्यांना भर दुपारी मैदानात उभं केलं आणि काठी घेऊन गुडघे ठोकत निघाला. एक पोरगं म्हणालं, "चाचा, हम तरबूज हैं क्या?" सरदार म्हणाला, "तरबूज असता तं सोपं होतं." त्याने पाच निवडली. चांगली निवडली, हे मलाही मान्य करावं लागेल.

दुसऱ्या सकाळी सराव सामन्याचे बूट पाहायला गेलो. माझ्या बुटावर खूण नव्हती. चार जण अजून कटले होते, पण ते चार वेगळे आणि मी वेगळा. मी तसाच त्याच्या क्वार्टरवर गेलो. तो अंगणात खाटेवर, बाई खाली बसून अंबाडी निवडत होत्या.

"मायी खूण कुठी हाय?"

"बस."

"बसाले नाई आलो."

त्याने काठी उचलली आणि माझ्या उजव्या गुडघ्यावर हळूच ठोकली, कोणाचं दार ठोकावं तशी. "आयकलं?"

"हाड हाय. हाडावानी वाजते."

"अर्धं वाजते."

"तुले दगडाखालून काढलं, तवा ह्याच गुडघ्यावर होतो मी."

"म्हून तं मले ठाऊक हाय," तो म्हणाला. "तवापासूनच अर्धं वाजते."

बाईंचा हात अंबाडीवर थांबला. मी परत आलो. माझा गुडघा चांगला होता, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. थंडीत थोडा धरतो, तो कोणाचा धरत नाही? दुसऱ्या दिवशी दिवेघरात मी दिवे वाटणारा नव्हतो, दिवा घेणारा होतो. त्यानंतर त्याच्याशी बोललो नाही. समोरून आला की मी बुटाची नाडी बांधायचो. नाडी नसलेल्या चपला असल्या तरी वाकायचो.

पावसाळ्यात गंमत झाली. नागपूरकडच्या एका टीमने आमच्या पाचातल्या तिघांना पक्की नोकरी देऊ केली. आषाढात दोघं गेली, पोळ्याच्या तोंडावर तिसरं. कॉलनीत लोक म्हणू लागले, साहेबानं पाखरं आणली, पण पिंजरा आणाचा राहून गेला. त्या जागांवर सरदारने मिळतील ती माणसं उभी केली. पहिली मॅच गेली. दुसरी गेली.

तिसरीच्या आधी साहेबांनी मला बोलावलं. "उजव्या बाजूला कोणी नाही. तुमचं नाव घालतो. खेळता?"

"खेळतो."

"मग वरची ड्यूटी परत."

खोटं कशाला सांगू, छाती फुगली. घरी येऊन बूट काढले, तेल लावलं आणि स्टोअरमध्ये माझ्या जुन्या खिळ्याला नेऊन टांगले. मनात म्हणालो, आता कर खूण, लेका. माझी नाही, तुझी गरज आहे.

सकाळी गेलो तर बूट कोरे. सरदार स्टोअरच्या बाहेर पायरीवर बसला होता. इतक्या महिन्यांनी मीच तोंड उघडलं.

"साहेबानं मायं नाव घातलं हाय."

"साहेब नाव घालते. खूण मी घालतो."

"आज हारला तं उद्या खाली जाशीन तू. समजते ना?"

"समजते."

"मंग काऊन? नव्वद मिनिटाचा तं सवाल हाय!"

त्याने काठी आडवी मांडीवर ठेवली. "अर्ध्यावर एकदा खूण केली मी," तो म्हणाला. "पुन्ना नाई. खाली तू दोन पायावर फावडं भरून राह्यला. आज हा गुडघा गेला तं खालीही कोनी घेनार नाई तुले."

"मायं मी पाहून घेईन."

"वद्दू."

मी बूट खिळ्यावरून ओढले. रागाने चहाच्या टपरीवर गेलो आणि तिथे बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "हा उद्या सरदार होऊन खाली आला, तरी त्याच्या खुणेखाली मी पाय ठेवनार नाई. मानसाचा शब्द हाय."

उजवा बॅक म्हणून दिवेघरातला दुसरा माणूस खेळला. बिचारा पळत होता, पण बॉल कुठी आणि हा कुठी. शून्य-एक. गोल त्याच बाजूने झाला. मी कुंपणाशी उभा होतो. मी असतो तर तो झाला नसता. हे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी वेगळं सांगायला नको. सरदार गोलच्या मागे पाठ करून उभा होता. जाळी हलल्याचा आवाज त्याला आला असेल. तो वळला नाही.

संध्याकाळी नोटीस लागली. कोच दुसरा. सरदार उद्यापासून पहिल्या पाळीत, खाली. आणि दिला कुठे? आम्ही लोडर कोळसा भरत होतो त्याच भागात.

दिवे लागले तेव्हा बाई आमच्या दारात आल्या. माझी बायको बसा म्हणाली. त्या बसल्या नाहीत.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "त्यायनं आज खाट आत नेली."

मी उठून दारापर्यंत गेलो.

"पाच वरसानं. भिंतीले लावली, अना वर पाहत पडले हाय. जेवले नाई." मग म्हणाल्या, "तुमी पहिल्या पाळीतच हाय ना?"

"हाय."

"बरं," म्हणून त्या निघून गेल्या. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिलाही टपरीवरचं कळलं होतं. कॉलनीत काय लपतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हाजरीच्या बऱ्याच आधी खाणीच्या तोंडावर जाऊन बाकावर बसलो. तिथून उतार आत जातो आणि पहिल्या टेकूनंतर उजेड संपतो. सरदार आधीच आला होता. टोपी, दिवा, काठी, सगळं नीट. पण तो त्या पहिल्या टेकूपाशी उभा होता आणि तोच टेकू ठोकत होता. ठोकायचा, थांबायचा, पुन्हा ठोकायचा. टेकू नवा होता, सागाचा.

मला पाहून म्हणाला, "गुडघा?"

"चांगला हाय. तुयं काय?"

त्याने काठीचं टोक स्वतःच्या छातीला लावलं. "अर्धंच वाजून राह्यलं, भाऊ."

"मंग थांब. पुरं वाजलं की जाय. मी बसलो हाय इथी."

तो थांबला. किती ते मी मोजलं नाही. मग मान खाली घालून आत गेला. आवाज येत राहिला, ठक, ठक, मग लांब, मग नुसता असल्यासारखा. तोवर माणसं जमली. मागे कुजबुज सुरू झाली. "याच्याच खुणेखाली पडलं होतं ना तवा?" "आपन नाई जात बाप्पा आज." एकाने मला टोचलं, "काय बॅक, शब्द देला होता ना?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी गेलो नसतो तर त्या दिवशी कोणीच गेलं नसतं, आणि कोणी गेलं नसतं तर सरदार पुन्हा कुठेच उभा राहिला नसता. खाली नाही आणि वरही नाही.

तो बाहेर आला. घामाने भिजला होता, पण आवाज साफ होता. "दोन जागा चालू. तिसरी बंद."

"तिसरी काऊन बंद?"

"अर्धं वाजते."

मागची कुजबुज थांबली. तरी पाय कोणाचा उचलला नाही. मी उठलो. "मानसाचा शब्द?" तो टोचणारा म्हणाला. "मानूस मी हाय, शब्द मायाच हाय," मी म्हणालो आणि सरदारच्या बाजूने उतारावर उतरलो. बाकीचे मागून आले, बुटांचा आवाज करत.

पहिल्या जागेवर दिवा वर केला. तिरपी रेघ, खाली ठिपका. मी तिच्या बरोबर खाली जाऊन उभा राहिलो. सरदार मागे येऊन थांबला होता, त्याचा दिवा माझ्या पायावर होता. छत तिथे खालीच होतं, फावडं मारायला गुडघा टेकावा लागे. मी उजवा टेकला, त्याला नीट दिसेल असा, आणि पहिलं फावडं भरून कोळशाच्या टबात टाकलं.